कोंबडीचा सीआरपी निगेटिव्ह आला, तरी पक्षी मेले! रक्तातली दाह-प्रथिनं समजून घेऊ



या आठवड्याच्या व्हिडिओत विषय थोडा घाईत झाला. बऱ्याच जणांनी "लिहून द्या" असं सांगितलं, म्हणून तोच धडा इथे सविस्तर देतोय. वही घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी जनावरांचा डॉक्टर नाही. बीबीए केलं, वडिलांचं खाद्य-औषधांचं दुकान पुढे चालवतोय आणि शेतकऱ्यांना धंद्याचा हिशोब शिकवतो. त्यामुळे हा धडा उपचाराचा नाही. रिपोर्ट हातात आल्यावर तो कसा वाचायचा आणि त्यावर पैसे खर्च करायचे की नाही, एवढंच आज शिकायचंय.

माझ्याच दुकानात झालेली चूक

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचे एक नेहमीचे गिऱ्हाईक आहेत. त्यांचं ५,००० पक्ष्यांचं ब्रॉयलर शेड, लॉट २४ दिवसांचा. रात्री शेडमध्ये घरघर ऐकू यायची, खाद्य कमी झालं होतं, मर रोज आठ-दहावर गेली होती. दादा हुशार. कोरोनात घरोघरी सीआरपी हा शब्द पोचला, तसा त्यांच्याही घरी पोचला होता. त्यांनी विचार केला, माणसाच्या अंगात इन्फेक्शन आहे का हे सीआरपीवरून कळतं, तर कोंबडीचंही कळेल. ओळखीच्या माणसांच्या लॅबमध्ये दोन पक्ष्यांचं रक्त दिलं. रिपोर्ट आला: सीआरपी निगेटिव्ह.

तो कागद घेऊन ते माझ्या काउंटरवर आले. "भाऊ, इन्फेक्शन नाही. मग डॉक्टरांना बोलवायची घाई नको ना?"

मी कागद बघितला आणि म्हणालो, "निगेटिव्ह आहे ना? मग दोन दिवस बघू."

तिसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये साठ पक्षी मेलेले होते. मग पशुवैद्यकीय डॉक्टर आले, त्यांनी पक्षी उघडले. काळजावर पिवळट-पांढरा पापुद्रा, लिव्हरवर तसाच पापुद्रा, हवेच्या पिशव्या जाड आणि गढूळ. ई. कोलायचा संशय होता, पुढे कल्चरमध्ये तोच निघाला. थंडीमुळे रात्रभर पडदे घट्ट बंद, खाली तूस ओलं, शेडमध्ये अमोनिया. अमोनियाने श्वासनलिका सोलवटली आणि जंतूला दार उघडं मिळालं.

लॉट संपेपर्यंत चारशेच्या आसपास पक्षी गेले. ते दादा आजही माझ्या दुकानात येतात आणि त्या दिवसाचा विषय कधी काढत नाहीत. म्हणून तो मीच काढतोय. डॉक्टर मला एकच वाक्य बोलले होते: "तो रिपोर्ट कोंबडीचा नव्हताच." त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बरंच वाचावं लागलं. ते सगळं आता तुमच्यासमोर मांडतो.

मुद्दा १: दाह म्हणजे काय आणि रक्तात काय बदलतं?

शरीराला कुठेही इजा झाली, जंतू शिरला, ऊतक जळलं किंवा फाटलं, की तिथे दाह सुरू होतो. आपण त्याला साध्या भाषेत सूज म्हणतो. त्या जागेवरच्या पांढऱ्या पेशी रक्तातून लिव्हरला निरोप पाठवतात. निरोप नेणाऱ्या रेणूंना सायटोकाइन म्हणतात. निरोप मिळाला की लिव्हर आपलं उत्पादन बदलतं.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. दिवाळी आली की किराणा दुकानदार काय करतो? रोजचा माल मागे सरकवतो आणि रवा, मैदा, सुकामेवा पुढे मांडतो. जागा तेवढीच, भांडवल तेवढंच, फक्त माल बदलतो. लिव्हर अगदी हेच करतं. रोजचा माल म्हणजे अल्ब्युमिन, ते कमी बनतं. आणीबाणीचा माल जास्त बनतो. या आणीबाणीच्या मालाला अ‍ॅक्यूट फेज प्रोटीन म्हणतात. दाहामुळे रक्तातलं प्रमाण किमान २५ टक्क्यांनी बदललं, तर त्या प्रथिनाला या यादीत धरायचं, असा संकेत आहे. वाढणारी प्रथिनं 'पॉझिटिव्ह', कमी होणारी 'निगेटिव्ह'. इथे पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा अर्थ आजार आहे-नाही असा नाही, नीट लक्षात ठेवा.

सीआरपी हे या यादीतलं सर्वांत जुनं नाव. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोन संशोधकांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. न्यूमोनियाच्या जंतूवरच्या 'सी' नावाच्या शर्करेला ते चिकटायचं, म्हणून नाव सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. म्हणजे ही चाचणी जन्मापासून माणसाच्या आजाराभोवती वाढली आहे.

मुद्दा २: माणसाचा सीआरपी कोंबडीला का चालत नाही?

कारणं दोन.

पहिलं कारण किट. सीआरपीच्या किटमध्ये अँटीबॉडी असते, आणि ती माणसाच्या सीआरपीचा आकार ओळखायला बनवलेली असते. कोंबडीचं प्रथिन वेगळं. तुमच्या घराची किल्ली शेजाऱ्याच्या कुलपाला लागली नाही, म्हणून शेजारी घरात नाही असं होत नाही. दादांचा 'निगेटिव्ह' तसा होता. किल्ली लागली नाही, एवढंच त्याने सांगितलं होतं.

दुसरं कारण पक्षी. प्रत्येक प्राण्याचा आणीबाणीचा माल वेगळा असतो. माणसात आणि कुत्र्यात सीआरपी जोरात वाढतं. गाईत हॅप्टोग्लोबिन महत्त्वाचं. कोंबडीत सीआरपी असतं, पण मुख्य भूमिका दुसऱ्याच प्रथिनांची.

मुद्दा ३: कोंबडीची पाच नावं ओळखून ठेवा

१. सीरम अमायलॉइड ए, म्हणजे एसएए. हे लवकर चढतं, पहिल्या दिवसभरातच, आणि कारण संपलं की लवकर उतरतं. ताज्या दाहाचं हे चिन्ह. दाह फार दिवस चालला तर याच प्रथिनाचे तुकडे साचून अमायलॉइड बनतो. ब्राउन लेयरच्या सुजलेल्या सांध्यात कधीकधी नारिंगी थर दिसतो, तो हाच.

२. अल्फा-१ अ‍ॅसिड ग्लायकोप्रोटीन, म्हणजे एजीपी. हे एसएएपेक्षा सावकाश चढतं आणि जास्त दिवस वर राहतं. रेंगाळलेला दाह शोधायला याचा उपयोग होतो.

३. ओव्होट्रान्सफेरिन. नावात 'ओव्हो' आहे, म्हणजे अंडं. अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनांपैकी साधारण १२ टक्के हेच असतं. याचं काम लोह धरून ठेवणं. जंतूला वाढायला लोह लागतं, ते मिळालं नाही की जंतू उपाशी. अंड्यातल्या पिल्लाचं रक्षण करणारं हेच प्रथिन दाह झाल्यावर कोंबडीच्या रक्तात वाढतं. गंमत बघा, माणसात याचं भावंड असलेलं ट्रान्सफेरिन दाहात कमी होतं, कोंबडीत मात्र वाढतं.

४. पीआयटी-५४. कोंबडीत हॅप्टोग्लोबिनचा जीनच नाही! फुटलेल्या तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन पकडायचं काम तिच्यात पीआयटी-५४ करतं. काही किट हिमोग्लोबिन किती पकडलं एवढंच मोजतात, त्यामुळे ती कोंबडीवरही चालतात आणि रिपोर्टवर 'हॅप्टोग्लोबिन' असं छापून येतं. कोंबडीच्या रिपोर्टवर तसं दिसलं तर गोंधळू नका, मोजलेलं आहे पीआयटी-५४.

५. फायब्रिनोजेन. रक्त गोठवणारं प्रथिन. दाहात हेही वाढतं, आणि दाहाच्या जागी पाझरून त्याचं फायब्रिन बनतं. काळजावर आणि लिव्हरवर जो पिवळट पापुद्रा डॉक्टरांनी मला दाखवला, तो फायब्रिनच होता. म्हणजे मी कागदावर ज्याच्या शोधात होतो, ते पक्षी उघडल्यावर नुसत्या डोळ्यांना दिसत होतं.

हे पाच वाढणारे. कमी होणाऱ्यांत अल्ब्युमिन लक्षात ठेवा.

मुद्दा ४: आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही?

आजच्या धड्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य इथे आहे. खाली रेघ मारा.

*दाह-प्रथिनाचा आकडा आग लागली आहे एवढंच सांगतो. आग कोणी लावली हे सांगत नाही.*

प्रयोगशाळेत दाह तयार करायला संशोधक टर्पेंटाइनचं इंजेक्शन देतात. त्यात जंतू नसतो, विषाणू नसतो, फक्त जळजळ. तरी ही प्रथिनं चढतात. ई. कोलायसारख्या जिवाणूने चढतात, विषाणूने चढतात, कॉक्सीने चढतात. लस दिल्यावरही थोडी हलतात, कारण लसीचं कामच प्रतिकारशक्तीला जागं करणं आहे. शेडमधली गर्दी, उष्णतेचा ताण यांचाही परिणाम ब्रॉयलरवरच्या प्रयोगांत दिसलाय.

म्हणून "एजीपी वाढलंय, म्हणजे अँटिबायोटिक चालू करा" हे गणित चूक. आणि "सगळं नॉर्मल आहे, म्हणजे आजार नाही" हेही चूक, कारण रक्त आजाराच्या कोणत्या दिवशी काढलं यावर आकडा ठरतो. एसएए उतरून गेल्यावर नमुना घेतला तर ते तुम्हाला काहीच सांगणार नाही.

मग उपयोग काय? उपयोग तुलनेत आहे:

- एकाच वयाच्या, एकाच जातीच्या दोन शेडची तुलना. एक शेड वजनात मागे पडतंय आणि मर मात्र दिसत नाही. तिथे दाह-प्रथिनं जास्त निघाली, तर आत काहीतरी धुमसतंय हे कळतं.
- त्याच शेडची उपचारापूर्वी आणि उपचारानंतर तुलना. आकडे उतरले नाहीत, तर मूळ कारण अजून शेडमध्येच आहे.
- खाद्यात किंवा व्यवस्थापनात बदल केला, त्याने आतड्याचा त्रास खरंच कमी झाला का, हे बघणं. संशोधन संस्था आणि मोठ्या कंपन्या यासाठी ही प्रथिनं मोजतात.

लेयरवाल्यांसाठी जास्तीची सूचना. कोंबडी अंड्यावर येताना हार्मोनमुळे रक्तातली एकूण प्रथिनं तशीही वाढतात. १६ आठवड्यांच्या तलंगीची तुलना ३० आठवड्यांच्या अंड्यावरच्या कोंबडीशी करू नका. निष्कर्ष हमखास चुकेल.

मुद्दा ५: मर दिसत नाही, तरी पैसे जातात

मर रोज मोजता येते, म्हणून आपण तिला घाबरतो. पण धुमसणारा दाह खिसा गुपचूप कापतो. दाहात पक्षी खाद्य कमी खातो. जे खातो त्यातला काही भाग आणीबाणीचा माल बनवायला जातो. कमी पडलं तर शरीर स्नायू मोडून अमिनो आम्लं काढतं. आणि स्नायू म्हणजे तर आपला विक्रीचा माल!

हिशोब करून बघू. आकडे फक्त उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमचे टाका.

पक्षी ५,०००, सरासरी वजन २ किलो. एकूण जिवंत वजन १०,००० किलो.
एफसीआर १.६ असेल तर खाद्य लागलं १६,००० किलो.
एफसीआर १.७ झाला तर १७,००० किलो.
फरक १,००० किलो, म्हणजे ५० किलोच्या २० गोण्या. खाद्य ४० रुपये किलो धरलं तर ४०,००० रुपये.

एफसीआरमध्ये फक्त ०.१ चा फरक आणि एका लॉटमध्ये चाळीस हजार गेले. एकही जास्तीचा पक्षी मेला नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही. करारावर पक्षी पाळत असाल तर खाद्य कंपनीचं असतं, पण उत्पादन खर्च वाढला की तुमच्या संगोपन दरावरच येतं. सुटका कोणाचीच नाही.

मुद्दा ६: मग प्रत्यक्षात करायचं काय?

खरं सांगतो, कोंबडीच्या एजीपी-एसएएच्या चाचण्या तालुक्याच्या लॅबमध्ये रोज होणाऱ्या नाहीत. छोट्या शेतकऱ्याने त्यांच्यामागे धावायची गरजही नाही. माझ्या चुकीनंतर दुकानात मी एक क्रम लिहून लावलाय, तोच देतो.

पहिलं, शेड बघा. पहाटे शेडमध्ये गुडघ्यावर बसा, पक्ष्यांच्या उंचीवर. तुमचे डोळे चुरचुरले तर पक्षी चोवीस तास त्यातच आहेत. तूस मुठीत दाबा, गोळा तसाच राहिला तर ओलं आहे. हा तपास फुकट आहे.

दुसरं, नोंदी काढा. खाद्य, पाणी, मर, वजन. बहुतेक वेळा मर वाढायच्या आधी खाद्य-पाण्याचा आकडा हलतो.

तिसरं, डॉक्टरांकडून पोस्टमॉर्टेम. ताजे मेलेले पक्षी न्या, कालचे नकोत. पण एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. अचानक, मोठ्या प्रमाणात मर सुरू झाली तर पक्षी स्वतः उघडू नका, बाहेर हलवू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूने काय झालं ते आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यातल्या पोल्ट्रीवाल्यांनी बघितलंय.

चौथं, कारण शोधणारी चाचणी. जिवाणूसाठी कल्चर आणि कोणतं औषध लागू पडेल याची सेन्सिटिव्हिटी. विषाणूसाठी पीसीआर. लसीकरणाचा टायटर बघायला एलायझा. पुण्यात औंधला राज्याच्या पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, आणि मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नमुना कुठे आणि कसा पाठवायचा हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पाचवं, रक्ताची चाचणी डॉक्टरांनी सुचवलीच, तर या गोष्टी पाळा:

- रक्त पंखाच्या शिरेतून, जाणकाराकडूनच काढून घ्या.
- एकाच पक्ष्याचं रक्त नको. आजारी वाटणाऱ्यांचं आणि त्याच वयाच्या चांगल्या पक्ष्यांचंही द्या. तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नाही.
- सीरमसाठी रक्त साध्या नळीत शांतपणे गोठू द्या, हलवू नका. तांबड्या पेशी फुटून सीरम लाल झालं तर पीआयटी-५४ चा आकडा बिघडतो.
- फायब्रिनोजेन मोजायचं असेल तर सीरम चालत नाही, कारण रक्त गोठताना ते खर्च होऊन जातं. त्यासाठी न गोठवणारी नळी, म्हणजे प्लाझ्मा लागतो.
- अल्ब्युमिन मोजायच्या रंगाच्या साध्या पद्धतीवर पक्ष्यांच्या बाबतीत फार विसंबू नका. प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस जास्त भरवशाचं.
- लॅबला आधी एकच प्रश्न विचारा: "हे किट कोंबडीसाठी आहे का?" उत्तर स्पष्ट मिळालं नाही तर पैसे देऊ नका.

मुद्दा ७: दुकानदार म्हणून चार शब्द

हा मुद्दा माझ्या गल्ल्याच्या विरुद्ध आहे, तरी लिहितो. पूर्वी गिऱ्हाईक "पक्षी सुस्त आहेत" म्हणालं की काउंटरवरून अँटिबायोटिक जायचं. पक्षी सुस्त होता दाहामुळे, आणि दाहाचं कारण कधी विषाणू, कधी अमोनिया, कधी कॉक्सी. अँटिबायोटिक यातल्या विषाणूवर चालत नाही आणि अमोनियावरही चालत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे जायचे, शेडमधले जंतू मात्र औषधाला सरावायचे.

कोलिस्टिन आठवतंय? जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांसाठी, कोंबड्यांसह, त्याचं उत्पादन आणि विक्री बंद केली. कारण माणसाच्या गंभीर इन्फेक्शनमध्ये बाकी औषधं हरली की हेच शेवटचं उरतं. आपण शेडमध्ये ओतलेल्या औषधाचा हिशोब शेवटी आपल्याच घरातल्या माणसाच्या खाटेपाशी येतो.

म्हणून आता माझ्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही. सुरुवातीला काही गिऱ्हाइकं तुटली. त्यातली काही परत आली. चिठ्ठीचा हट्ट केला म्हणून कोणाचा लॉट बुडाला नाही. "दोन दिवस बघू" असं मी म्हणालो, त्या दिवशी मात्र बुडाला होता.

गृहपाठ

१. चालू लॉटचं रोजचं खाद्य आणि पाणी सात दिवस लिहा. सलग दोन दिवस आकडा पडला तर डॉक्टरांना फोन करा, मर वाढायची वाट बघू नका.
२. वरचा एफसीआरचा हिशोब तुमच्या मागच्या तीन लॉटसाठी करा. सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट यातला फरक रुपयांत काढा.
३. जवळच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांचा नंबर शेडच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा. रात्री दोन वाजता मोबाइलमध्ये नाव सापडत नाही, दारावरचा नंबर दिसतो.

पुढच्या धड्यात हिवाळ्यातले पडदे आणि अमोनिया यावर बोलू, कारण त्या दादांच्या शेडची खरी सुरुवात तिथूनच झाली होती. त्या भागाला ते स्वतः शेड दाखवायला तयार झालेत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "दाखव की. माझं गेलं ते गेलं, दुसऱ्याचं वाचू दे."

भेटू पुढच्या आठवड्यात. पक्षी जपा, हिशोब ठेवा!